कातळावरील स्वार आणि त्याचा घोटा

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत, बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याशीं, फोर्ट विल्यम नांवाचें एक लहानसें गांव आहे. मे महिन्याच्या आरंभीं या गांवांत मोटारसायकलस्वारांची जणूं जत्राच भरते. १९०९ सालीं सुरू झालेली 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही सहा दिवसांची परीक्षा हल्लीं येथूनच निघते. मोटारसायकलींची स्पर्धा म्हटली कीं धूळ, गर्जना आणि वाऱ्याशीं पैज घेणारा वेग असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या खेळांत त्यांतलें फारच थोडें आहे. ओढ्याच्या पात्रांतील गोटे, शेवाळलेला कातळ, झाडांचीं उघडीं पडलेलीं मुळें, अशा जागीं टप्पे आंखून दिलेले असतात. त्या टप्प्यांतून माणसाच्या चालण्याच्या गतीनें, कधीं त्याहूनहि मंद, मोटारसायकल पार न्यावयाची आणि ती नेतांना पाय जमिनीस लागूं द्यावयाचा नाहीं, हाच सारा खेळ. पाय एकदां टेकला तर एक दोषांक, दोनदां टेकला तर दोन, तीन वा अधिक वेळां टेकला तर तीन. आणि स्वार पडला किंवा आंखलेल्या सीमेबाहेर गेला तर पांच. असे सुमारें ३० टप्पे रोज. सहा दिवसांच्या अखेरीस ज्याच्या नांवावर सर्वांत कमी दोषांक, तो विजयी.

पाय टेकणें हा दोष खरा, परंतु तो पदरीं घेतल्यावांचून कोणाचाहि दिवस सहसा पार पडत नाहीं. पुढचें चाक कातळावर चढतां चढतां घसरतें, तोल जातो आणि क्षणार्धांत स्वाराचा पाय फूटरेस्टवरून सुटून खालीं जातो. तो कोठें पडेल हें पाहावयास त्यास उसंत नसते. खालीं गुळगुळीत गोटा असेल, दोन दगडांमधील फट असेल, पाण्याखालीं दडलेलें मूळ असेल. त्या एका पावलावर स्वाराचें सर्व वजन आणि जवळजवळ ७० किलो वजनाच्या कलंडत्या यंत्राचा भार एकदम येतो. या खेळांत वेग नाहीं, तेव्हां भय तें कसलें, अशा समजुतीनें पुष्कळ नवशिके स्वार शिरस्त्राण चांगलें घेतात, हातमोजे पारखून घेतात, आणि पायांत मात्र घरीं पडून असलेले कोणते तरी बूट चढवितात. घोट्याची आठवण त्यांस होते ती पहिल्या अपघातानंतर.

ट्रायल्सच्या मोटारसायकलीची घडणच अशी असते कीं सारा भार पायांवर यावा. तिला बैठक म्हणून जी असते ती केवळ नांवाची. टप्पा चालू असेपर्यंत स्वार उभाच असतो. दोन अरुंद, दांतेरी फूटरेस्ट हाच त्याचा आधार. पुढचें चाक उचलावयाचें तेव्हां तो गुडघे वांकवून मागें जातो, चढण आली कीं पुढें झुकतो, यंत्र डावीकडे कललें तर स्वतः उजवीकडे तोल टाकतो. या प्रत्येक हालचालींत घोटा वांकतो आणि सरळ होतो. यंत्राच्या चाकांना जसे स्प्रिंग असतात, तसाच स्वाराच्या शरीरांतील पहिला स्प्रिंग म्हणजे त्याचा घोटा. तो जखडून टाकला तर काय होतें, हें पुढें येईलच.

घोट्याचा सांधा तीन हाडांचा आहे. नडगीचें जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगास असलेलें बारीक हाड, या दोहोंचीं खालचीं टोकें मिळून एक खांच तयार होते. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जे उंचवटे हातास लागतात, तीं या खांचेचीं दोन पाखें होत. या खांचेंत, टाचेच्या हाडावर बसलेलें टॅलस नांवाचें हाड खुंटीसारखें बसतें. निसर्गानें हें हाड पुढें रुंद व मागें अरुंद घडविलें आहे. चवडा वर, नडगीकडे ओढला असतां रुंद भाग खांचेंत शिरतो आणि सांधा घट्ट होतो. चवडा खालीं झुकला कीं अरुंद भाग खांचेंत येतो आणि सांधा सैल पडतो. आतां तोल जातांना खालीं धांवणारा स्वाराचा पाय पाहावा. तो जमीन शोधीत जातो, म्हणून चवडा खालीं झुकलेला असतो. म्हणजे ज्या क्षणीं सांधा सर्वांत सैल, नेमक्या त्याच क्षणीं त्यावर सर्वांत मोठा भार येऊन आदळतो.

या सांध्यास बाहेरच्या अंगानें तीन अस्थिबंध धरून ठेवतात. त्यांपैकीं पुढचा सर्वांत दुबळा. आंतल्या अंगाचा अस्थिबंध पंख्यासारखा रुंद व मजबूत असतो. शिवाय बाहेरचा उंचवटा आंतल्यापेक्षां खालपर्यंत उतरलेला असल्यामुळें पाऊल बाहेर वळण्यास अडतें, आंत वळण्यास तितकें अडत नाहीं. म्हणूनच पाय मुरगळला असें आपण म्हणतों तेव्हां बहुतेक वेळां तळवा आंत वळलेला असतो आणि बाहेरचा पुढचा अस्थिबंध ताणला किंवा तुटला असतो.

ट्रायल्सच्या स्वारास याखेरीज आणखी दोन प्रकारच्या दुखापतींचें भय असतें. टेकलेला पाय दगडांच्या फटींत अडकावा आणि यंत्रानें तसेंच पुढें जावें, तर पाऊल बाहेरच्या बाजूस पिळलें जातें. अशा वेळीं नडगीचीं दोन हाडें एकमेकांस बांधून ठेवणारे, घोट्याच्या जरा वरचे अस्थिबंध फाटतात. वरून सूज बेताचीच दिसते, परंतु ही दुखापत साध्या मुरगळण्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळते. दुसरा प्रकार खालून येणाऱ्या आघाताचा. उंच कातळावरून यंत्र आदळलें आणि फूटरेस्ट तळव्याच्या मध्यभागीं जोरानें घुसला, तर तो धक्का थेट टॅलसवर जातो. पहिल्या महायुद्धांत विमानें कोसळत तेव्हां सुकाणूची दांडी वैमानिकांच्या तळव्यांत अशीच घुसे. त्या काळीं झालेले या हाडाचे भंग पाहून अँडरसन या ब्रिटिश शल्यवैद्यानें १९१९ सालीं त्यांस 'वैमानिकाचा ॲस्ट्रॅगॅलस' असें नांव दिलें. ॲस्ट्रॅगॅलस हें टॅलसचेंच जुनें नांव. या हाडास रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळें तें एकदां भंगलें कीं जुळावयास फार वेळ लागतो, आणि कधीं कधीं त्याचा कांहीं भाग मृतहि होतो.

इतकें ऐकल्यावर कोणाहि शहाण्या माणसास असें वाटेल कीं, मग बाजारांत मिळणारा सर्वांत उंच, सर्वांत कडक बूट घेऊन मोकळें व्हावें. मोटोक्रॉसच्या वेगवान शर्यतींत वापरतात ते बूट तसेच असतात. ते गुडघ्याच्या जवळपर्यंत पोंचतात, त्यांवर कठीण प्लास्टिकचें कवच असतें, आणि कित्येकांत घोट्यापाशीं बिजागरीहि असते. त्या खेळांत स्वार हवेंत उंच उडतो व वेगानें आपटतो. तेथें हें चिलखत योग्यच आहे. परंतु तोच बूट चढवून ट्रायल्सच्या टप्प्यांत शिरणारा स्वार चमत्कारिक संकटांत सांपडतो. त्याचा घोटा पुढें वांकत नाहीं, म्हणून गुडघे वांकवितांच टाच उचलली जाते. तळ जाड व कडक असल्यामुळें फूटरेस्टवर पाय नक्की कोठें आहे हें त्यास कळत नाहीं. ब्रेक किती दाबला याचा अंदाज चुकतो. तोल वारंवार जातो, आणि तोल गेला कीं पाय टेकावा लागतो. म्हणजे संरक्षणासाठीं घेतलेला बूटच पाय टेकण्याचे प्रसंग वाढवितो, आणि पाय मुरगळण्याचे प्रसंग ते हेच. त्यांतून या बुटांचे तळ पुष्कळदां बरेच सपाट असतात. ओल्या कातळावर ते साबणासारखे सरकतात.

ताठ बुटाविषयीं आणखी एक धडा बर्फावरील स्कीच्या खेळानें दिलेला आहे. १९६० नंतरच्या काळांत त्या खेळांत कातड्याच्या मऊ बुटांच्या जागीं कठीण प्लास्टिकचे उंच बूट आले. घोट्यांचे भंग खरोखरच कमी झाले. परंतु बुटाच्या वरच्या कांठाशीं नडगी मोडण्याचे प्रकार दिसूं लागले, आणि पुढें गुडघ्यांतील अस्थिबंधांच्या दुखापतींनीं त्या खेळांतील दुखापतींत अग्रस्थान पटकाविलें. त्यास केवळ बूटच कारण झाले असें म्हणणें अन्यायाचें होईल. लाकडी फळ्या व त्या पायास जखडणारीं यंत्रेंहि त्या काळांत बदललीं. तरी पण पिळणारें बल घोट्यांत अडविलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं, वरच्या सांध्याकडे सरकतें, एवढें त्यावरून स्पष्ट झालें.

मग बूट उंच असण्याचा उपयोग तरी किती? अमेरिकेंत १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंस चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें तीन प्रकारचे बूट वांटले होते: कांहींस घोट्याखालीं राहणारे, कांहींस घोटा झांकणारे, व कांहींस घोटा झांकून वर हवेच्या पिशव्या असलेले. एका हंगामानंतर पाहतां मुरगळण्याच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. मऊ कापडाची उंची घोट्यास आधार देत नाहीं, आधाराचा केवळ भास देते. याच्या उलट अनुभव अमेरिकन सैन्याच्या हवाई छत्रीच्या शाळेंत आला. तेथें उमेदवारांच्या बुटांवर बाहेरून एक आधार बांधण्यांत आला. त्याच्या दोन्ही बाजूंस ताठ पट्ट्या होत्या. त्यामुळें पाऊल आंत-बाहेर वळणें अडे, परंतु चवडा वर-खालीं मोकळा राही. उडी मारून उतरतांना होणारें घोटे मुरगळण्याचें प्रमाण त्यामुळें चांगलेंच घटलें.

या दोन प्रयोगांच्या मधोमध ट्रायल्सच्या बुटाचें सारें रहस्य सांपडतें. तो आडव्या दिशेस ताठ हवा आणि पुढच्या दिशेस मऊ हवा. नुसता मऊ नको, नुसता ताठहि नको. कोणत्या दिशेस मऊ व कोणत्या दिशेस ताठ, हें पाहावयाचें. चांगल्या ट्रायल्स बुटांत नडगीच्या बाजूस वळणारें चामडें असतें, घोट्याच्या पुढें घड्या पडाव्या म्हणून खास मऊ पट्टे शिवलेले असतात, परंतु दोन्ही बाजूंस, टाचेपासून घोट्याच्या वरपर्यंत, चामड्याच्या थरांत प्लास्टिकचे अथवा तशाच टणक पदार्थाचे पत्रे बसविलेले असतात. घोट्याच्या उंचवट्यांवर वाटीसारखी गादी असते. ती दोन्ही अंगांस असावी. आंतल्या अंगास तिची गरज काय, असा प्रश्न दुकानांत पुष्कळांस पडतो. तिचें उत्तर पहिल्याच दिवशीं मिळतें, कारण स्वाराचा आंतला घोटा यंत्राच्या सांगाड्यावर दिवसभर घांसत व आपटत असतो.

युरोपांत मोटारसायकलच्या बुटांसाठीं ई.एन. १३६३४ नांवाचें मानक आहे. त्या मानकास उतरलेल्या बुटावर स्वाराच्या चित्राचा छाप असतो, आणि २०१७ च्या आवृत्तीप्रमाणें त्याखालीं चार आंकडे असतात. बुटाची उंची, घर्षणास टिकाव, कापलें जाण्यास प्रतिकार आणि आडवा ताठपणा या चार गुणांबद्दल एक किंवा दोन अशी श्रेणी त्यांत दिलेली असते. छाप नसलेल्यापेक्षां छाप असलेला बूट घ्यावा, यांत शंका नाहीं. परंतु यांतील चौथ्या आंकड्यानें ग्राहकाची फसगत होण्याचा संभव फार. आडवा ताठपणा म्हणजे घोट्यास आडवा आधार, असें सहजच वाटतें. वास्तविक त्या चांचणींत बुटाचा तळ दोन्ही कडांनीं यंत्रांत धरून दाबतात, आणि यंत्र अंगावर पडलें तर पाऊल चिरडेल कीं वांचेल एवढेंच पाहतात. घोटा मुरगळण्यास बूट किती अडवील, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. 'आयपीए' अशीं अक्षरें असतील तर घोट्यावरील ठोसा बूट किती झेलतो याची परीक्षा झालेली आहे, असें समजावें. पिळण्याविषयीं तींहि अक्षरें मुकींच आहेत. ती परीक्षा ग्राहकानें स्वतःच्या हातांनीं करावयाची असते.

ती फारशी अवघड नाहीं. बूट एका हातानें टाचेपाशीं व दुसऱ्या हातानें वरच्या कांठाशीं धरावा. प्रथम वरचा भाग पुढें, बोटांच्या दिशेनें वांकवावा; तो बेताच्या जोरानें वांकला पाहिजे. मग तोच भाग बाजूस मोडून पाहावा. तेथें हातास स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. दोन्ही दिशांस सारखाच सहज वांकणारा बूट डोंगर चढावयास ठीक, आणि दोन्ही दिशांस सारखाच अडणारा मोटोक्रॉसला ठीक. यानंतर टाचेभोंवतीचा कटोरा अंगठ्यानें दाबावा. तो दबून आंत गेला, तर बाजूच्या पत्र्यांचा उपयोग अर्धा झाला, कारण टाच आंतल्या आंत डुलत असेल तर बाहेरचा ताठपणा पायापर्यंत पोंचतच नाहीं.

बूट पायांत घालून पाहावयाचा तो संध्याकाळीं, दिवसभराच्या चालण्यानें पाय जरा फुगल्यावर, आणि ज्या जाड मोज्यांनिशीं स्वारी करावयाची त्याच मोज्यांनिशीं. बोटांपुढें सुमारें एक सेंटीमीटर जागा असावी. परंतु खरी कसोटी बोटांची नसून टाचेची आहे. बकलें लावून चवड्यावर उभें राहिलें असतां टाच बुटांत वर उचलली जाऊं नये. बकलें तीन असोत वा चार, त्यांतील पावलाच्या माथ्यावरून आडवें जाणारें बकल सर्वांत महत्त्वाचें. टाच मागें दाबून धरणारें तेंच. पुष्कळ स्वार वरचीं बकलें करकचून आवळतात आणि हें खालचें सैल ठेवतात. करावयास हवें त्याच्या अगदीं उलट. त्यानंतर दुकानांतील पायरीच्या कडेवर तळव्याचा मध्य टेकवून, गुडघे वांकवून, स्वारीच्या पवित्र्यांत दोन-तीन मिनिटें उभें राहावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. कड तळव्यास बोंचूं लागली, तर त्या बुटाच्या तळांत धनुकलीसारखी जी कडक पट्टी असावयास पाहिजे ती नाहीं किंवा निकृष्ट आहे असें समजावें. फूटरेस्टचा खालून येणारा धक्का टॅलसपर्यंत पोंचण्यापूर्वीं तळभर पसरविणें हें त्या पट्टीचें काम. चवड्यापाशीं मात्र तळ थोडा वांकला पाहिजे, कारण ट्रायल्सचा स्वार प्रत्येक टप्पा आधीं पायीं हिंडून पाहून येतो, आणि दिवसाकाठीं त्याचें चालणें कांहीं थोडें होत नाहीं.

राहतां राहिला तळाचा पृष्ठभाग. आणि घोट्याच्या रक्षणांत त्याचा वाटा चामड्याइतकाच मोठा आहे. पाय मुरगळण्याची सुरवात पुष्कळ वेळां घसरण्यांत असते. १९३५ सालीं इटलीच्या आल्प्स पर्वतांत एका गिर्यारोहक तुकडीवर वादळ ओढवलें व सहा जण प्राणांस मुकले. पायांतील पादत्राणें त्या चढाईस अपुरीं होतीं. त्या प्रसंगांत मित्र गमावलेल्या व्हिताले ब्रामानी यानें दोन वर्षांनीं, १९३७ सालीं, खांचाखांचांचा रबरी तळ बाजारांत आणला. त्याच्या नांवांतील अक्षरें जुळवून झालेला 'व्हिब्राम' हा शब्द आज पर्वतारोहणाच्या बुटांवर जगभर दिसतो. ट्रायल्सच्या बुटाचा तळ त्याच वंशांतला. मऊ, चिकट रबर व बेताच्या खोलीच्या खांचा, असा तो असावा. खांचा फार खोल असल्या तर त्यांत चिखल भरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या फूटरेस्टच्या दांत्यांत अडकतात. ज्या क्षणीं पाय खालीं यावयाचा त्या क्षणीं तो सुटत नाहीं, आणि स्वार यंत्रासह आडवा होतो. मऊ रबर लवकर झिजतें हा त्याचा दोष. म्हणून शिवलेला, बदलतां येणारा तळ असेल तर अधिक पैसे मोजावे.

हे बूट करणाऱ्यांपैकीं कित्येक नामांकित घरें उत्तर इटलींत त्रेव्हीझो प्रांताच्या एका लहानशा टापूंत एकवटलेलीं आहेत, हा कांहीं योगायोग नव्हे. मोंतेबेल्लूना व आझोलो या गांवांच्या परिसरांत डोंगरी बूट शिवण्याची विद्या जुनी आहे. तीच पुढें स्कीच्या बुटांकडे आणि मग मोटारसायकलच्या बुटांकडे वळली. सीदी १९६० सालीं, गायर्ने १९६२ सालीं व अल्पाइनस्टार्स १९६३ सालीं या भागांत सुरू झाल्या. यांतील शेवटचें नांव आल्प्समध्यें उगवणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या इटालियन नांवाचें भाषांतर आहे.

लहान मुलांच्या बुटांविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाय वाढणार, म्हणून दोन मापें मोठा बूट घेण्याची काटकसर आईबापांस स्वाभाविक वाटते. शाळेच्या बुटांत ती चालूनहि जाते. येथें ती चालत नाहीं. मोठ्या बुटांत टाच तरंगते, घोट्याची वाटी घोट्याच्या खालीं किंवा वर येते, आणि मुलाच्या हाडांच्या टोकांशीं असलेल्या वाढीच्या कोवळ्या भागास इजा होण्याचें भय राहतें. नव्या मोठ्या बुटापेक्षां नेमक्या मापाचा, दुसऱ्या मुलानें वापरलेला पण न मोडलेला बूट केव्हांहि चांगला.

इतकी काळजी घेऊनहि पाय मुरगळला तर काय करावें? १७५६ सालीं पर्सिव्हल पॉट हा लंडनचा प्रख्यात शल्यवैद्य घोड्यावरून पडला व त्याची नडगी मोडली. थंडीच्या दिवसांत रस्त्यावर तसेंच पडून राहून त्यानें एक दार विकत आणविलें, त्यास दांडे ठोकविले, आणि त्यावर स्वतःस घालून घरीं नेवविलें, अशी कथा त्याच्या चरित्रांत आहे. घोट्याच्या एका भंगास पुढें त्याचें नांव मिळालें. स्वतः पॉटचा भंग मात्र तो नव्हता, हा पुष्कळांचा गैरसमज आहे. त्याच्या वागण्यांतील शहाणपण मात्र घेण्यासारखें आहे. दुखावलेल्या पायावर उभें राहून 'कांहीं झालें नाहीं' असें सिद्ध करण्याची घाई स्वारानें करूं नये. डोंगरांतून खालीं यावयाचें असेल तर बूट लगेच काढूं नये, कारण तोच खपाट्यांसारखा आधार देतो. बकलें तेवढीं सैल करावीं. बोटें बधिर किंवा थंड पडूं लागलीं, अथवा आंत रक्तस्राव होत असला, तर मात्र बूट काढलाच पाहिजे. मुरगळलेला पाय चोळून व ओढून घेण्याची आपल्याकडे जी चाल आहे, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत कटाक्षानें टाळावी. फाटलेल्या अस्थिबंधास त्यानें अधिकच इजा होते, आणि हाड मोडलेलें असलें तर अनर्थ होतो.

हाड मोडलें कीं काय हें ठरविण्याच्या कांहीं सोप्या खुणा कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं निश्चित केल्या, व त्या आज जगभर वापरल्या जातात. घोट्याच्या कोणत्याहि उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटीमीटरांत, दाबलें असतां हाडावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच व पुढें दवाखान्यांतहि चार पावलें टाकतां येत नसतील, तर घोट्याचें क्ष-किरण चित्र काढून घ्यावें. पावलाच्या मधल्या भागासाठीं अशाच आणखी खुणा आहेत. त्या डॉक्टरांनीं पाहावयाच्या.

नवीन मुरगळण्यास सर्वांत अनुकूल असा घोटा म्हणजे पूर्वीं मुरगळलेला घोटा. अस्थिबंध जुळला तरी सांधा कोणत्या स्थितींत आहे हें मेंदूस कळविणारी जाणीव मंद झालेली असते, आणि ती आपोआप परतत नाहीं. एका पायावर उभें राहण्याचा, पुढें डोळे मिटून उभें राहण्याचा व डुलत्या फळीवर तोल सांवरण्याचा व्यायाम कांहीं आठवडे नेमानें केला असतां पुन्हां मुरगळण्याचें प्रमाण घटतें, हें अनेक प्रयोगांत दिसून आलें आहे. अशा स्वारानें पहिले कांहीं महिने बुटाच्या आंत लेसांचा पातळ आधारपट्टा बांधावा. मात्र बूट निवडतांनाच तो बांधून मापाचा निवडावा, नाहीं तर पट्ट्यामुळें पाऊल चेपतें.

बुटाचें आयुष्यहि मोजकेंच असतें. स्कॉटलंडच्या ओढ्यांत दिवसभर भिजलेले बूट रात्रीं शेगडीपुढें ठेवण्याचा मोह होतो. त्यानें चामडें कडक होऊन तडकतें. कागदाचे बोळे कोंबून, बकलें उघडीं टाकून, ते वाऱ्यावर वाळवावे व वाळल्यावर चामड्यास तेल किंवा मेण द्यावें. ओलें चामडें पाण्यास अडविणाऱ्या आंतल्या पडद्याविषयीं जाहिरातींत पुष्कळ लिहिलेलें असतें. तो पडदा चिखलांत उपयोगी खरा, परंतु पाणी एकदां वरच्या कांठावरून आंत शिरलें कीं तोच पडदा तें बाहेरहि जाऊं देत नाहीं. दर हंगामाच्या आरंभीं हातांनीं पिळण्याची तीच जुनी परीक्षा पुन्हां करावी. वरून चकचकीत दिसणारा बूट बाजूस सहज मोडूं लागला, टाचेचा कटोरा दबूं लागला, किंवा खालचें बकल ओढूनहि टाच हलूं लागली, तर त्याचे आंतले पत्रे मोडलेले असतात. तो बूट मग बागेंत वापरावा.